मॉडेलला जेवायचं नसतं

करवत दातापाशी नेली आणि त्याचा हात थांबला. सकाळचे अकरा वाजले होते, चहा शेजारी निवत होता, खिडकीखाली कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं, म्हणजे सगळं रोजच्यासारखंच होतं. टेबलावर प्लास्टरचं एक मॉडेल होतं, कुणाच्या तरी वरच्या-खालच्या दातांचं, चौसष्ट नंबरचं. त्याच्याकडे येणाऱ्या तोंडांना नावं नसत, नंबर असत. डॉक्टर लोक पेशंटच्या दातांचं माप घेत, ते डब्यातून इथे येई, तो त्यात प्लास्टर ओती आणि मग ज्याचं जे असेल ते करून देई. कुणाची कवळी, कुणाची कॅप, आणि कुणाचे नुसतेच वाकडे दात मॉडेलवरून एकेक करून कापायचे आणि मेणात सरळ बसवून दाखवायचे, म्हणजे तारा लावणाऱ्या डॉक्टरांना आधीच कळतं की शेवटी पोचायचंय कुठे. सव्वीस वर्षं तो हेच करत होता. दवाखान्यांतून सगळे त्याला मिस्त्री म्हणत आणि त्यालाही ते बरं वाटे, कारण मिस्त्रीला कुणी फार खोलात जाऊन काही विचारत नाही. तर चौसष्ट नंबरचे दात कापायला त्यानं करवत उचलली आणि वरच्या उजव्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला दिसला. तुटके कोपरे त्यानं शेकड्यांनी पाहिले होते. पण हा तिरका तुटला होता, आतून बाहेर, आणि तुटल्या जागी एक बारीकशी पायरी होती. ती पायरी त्याच्या ओळखीची होती. ती त्यानंच पाडलेली होती.

तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि दादा दहा. अंगणात सायकल उलटी ठेवून दादा चेन बसवत होता, तोंड अगदी चाकाजवळ, जीभ एका बाजूला बाहेर आलेली, आणि याला वाटलं की पेडल फिरवलं तर चाक कसं गरागरा फिरतं ते एकदा बघावं. बघितलं. पेडल दादाच्या तोंडावर बसलं. आवाज काही मोठा नव्हता, पाटीवरची पेन्सिल मोडावी एवढाच. दादानं हनुवटीवरचं रक्त शर्टाच्या बाहीनं पुसलं, आधी मातीत पडलेला तुकडा शोधला, खिशात घातला आणि मग घरात जाऊन आईला सांगितलं की सायकलवरून पडलो. आई म्हणाली, ‘पडलास तर गुडघा कसा नाही फुटला?’ दादा म्हणाला, ‘तोंडावर पडलो.’ आईचा विश्वास बसला नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं, पण तिनं पुढे काही विचारलं नाही. हा दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता. रात्रभर त्याला वाटत राहिलं की आता दादा सांगेल, आता सांगेल. दादानं कधीच सांगितलं नाही. आता, चव्वेचाळीस वर्षांनी, त्यानं मॉडेल उचलून उजेडाकडे धरलं. खालच्या ओळीत डावीकडचा एक दात अंग चोरून उभा होता, शेजाऱ्याच्या पाठीआड लपल्यासारखा. त्याची जीभ आपोआप स्वतःच्या खालच्या दातांकडे गेली. तोच दात, तीच तिरकी कड. बाबांचाही तसाच होता. आता शंकेला जागाच उरली नाही. नऊ वर्षं ज्या माणसाशी तो एक शब्द बोलला नव्हता, त्या माणसाचं तोंड त्याच्या तळहातावर आ वासून बसलं होतं.

गार चहा त्यानं एका घोटात संपवला आणि डब्यासोबत आलेला कागद पुन्हा वाचला. पुरुष, वय चोपन्न. वरचे-खालचे दात मेणात सरळ लावून दाखवणे. याशिवाय खालच्या जबड्यासाठी पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी करणे, दातांच्या मुळांच्या मधोमध सात फटी ठेवणे, फटींच्या जागा सोबतच्या एक्स-रेवर आखल्या आहेत. असल्या पट्ट्या त्यानं गेल्या दोन वर्षांत दहा-बारा केल्या असतील. त्या पट्टीच्या फटींमधून डॉक्टर हिरडीला चिरा देतात आणि त्याच चिरांमधून आतल्या हाडालाही, म्हणजे मग दात लवकर सरकतात, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. जास्त विचारायच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. कारण त्याचे दात प्लास्टरचे. करवतीनं कापले, मेणात दाबले, की सरकले, दहा मिनिटांचं काम. खऱ्या तोंडात त्याच कामाला दोन वर्षं का लागतात हा प्रश्न त्यानं डॉक्टरांवर सोडून दिला होता. आज मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. दादाला या वयात सरळ दात कशाला हवेत? आणि तेही इतक्या घाईनं, हाड कापून?

खरं सांगायचं तर दादाला घाई कधी नव्हतीच. दादा बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, याचे मोठमोठे तक्ते तो पेन्सिलीनं भरायचा. वरच्या खिशात कायम एक जाड पेन्सिल, एका टोकाला निळी, दुसऱ्या टोकाला लाल. निळं म्हणजे बदल, लाल म्हणजे फेरी रद्द. घरात कुणी काही विचारलं तरी उत्तर देण्याआधी हात खिशाकडे जायचा. एखादी बस चार मिनिटं उशिरा सुटली तर त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. आरशात बघायचा तो फक्त दाढीपुरता. असा माणूस दात सरळ करायला निघतो म्हणजे काय? दुपारी जेवताना त्यानं हे बायकोला सांगितलं. तिच्या वाचनालयाला सुट्टी होती, म्हणून ती घरी होती. ती हसत म्हणाली, ‘दुसरं लग्न करत असतील.’

‘वहिनी आहेत की धडधाकट.’

‘मग वहिनींशीच पुन्हा करत असतील. काय सांगावं.’ तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हसणं आवरतं घेतलं. ‘एवढं वाटतंय तर फोन करून विचार ना.’

‘काय विचारू? दात का सरळ करतोयस म्हणून?’

‘त्यात काय झालं? नऊ वर्षांनी कुठून तरी सुरुवात करायची तर दातांपासून कर. तुझा धंदाच आहे तो.’

त्यानं ताटातला भात कालवायला घेतला. बायकोचं म्हणणं बरोबर असलं की तो मूग गिळून बसतो, हे तिलाही माहीत होतं. जेवण झाल्यावर जिना उतरून तो खाली कामाच्या खोलीत आला आणि त्यानं फोन केला, पण दादाला नाही, चौसष्ट नंबर पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना. बाई पस्तिशीच्या, बोलक्या, आणि आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की त्यांची कळी खुलायची. मिस्त्री कधी काही विचारत नाहीत, आज कसं काय, असं म्हणून त्या सांगायलाच बसल्या. दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो, त्या म्हणाल्या. तारेनं ढकललं की ज्या बाजूला तो दाबला जातो तिथलं हाड विरतं, आणि ज्या बाजूनं निघाला तिथं नवं भरतं. पण हे फार सावकाश होतं. आता त्याच हाडाला शेजारी बारीकशी जखम केली तर शरीर धावून येतं. जखम भरायची म्हणून आसपासचं सगळं हाड काही दिवस मऊ पडतं, त्यातला चुना कमी होतो, आणि तेवढ्या काळात दात दुप्पट वेगानं सरकतो.

‘तेवढ्या काळात म्हणजे किती?’ त्यानं विचारलं.

‘तीन महिने, फार तर चार. पुढे हाड परत घट्ट होतं, मग होतं तसंच. म्हणून आम्ही पेशंटला दर पंधरा दिवसांनी बोलावतो. ती वेळ दवडून चालत नाही. आणि गंमत सांगू का, सूज उतरवणाऱ्या गोळ्या देत नाही आम्ही. ती सूजच सगळं काम करते. गोळी दिली की पेशंटला बरं वाटतं आणि दात जागचे हलत नाहीत.’

त्यानं हे मनाशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. जखम करायची, ती सुजू द्यायची, आणि सूज आहे तोवर हलवून घ्यायचं. सव्वीस वर्षं आपण दातांचं काम करतोय आणि हाड जिवंत असतं ही गोष्ट आज कळतेय, याची त्याला लाज वाटली आणि नवलही वाटलं. मग त्यानं आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, ‘पण या चौसष्ट नंबरला एवढा खटाटोप कशाला? या वयात लोक दात काढून टाकतात आणि कवळी बसवतात.’

‘मीही त्यांना तेच म्हटलं होतं. त्यांचे खालचे दात वर टाळूत रुततात हो, चावताना. हिरड्याही नाजूक झाल्यात. हे असंच चाललं तर पाच-सहा वर्षांत समोरचे जातील. दोन वर्षं तारा ठेवायच्या तर हिरड्यांना तेवढं झेपणार नाही. म्हटलं, काका, सोपा मार्ग घ्या. तर ते म्हणाले, हाड कापा, काय वाट्टेल ते करा, पण माझ्यावर कवळीची वेळ येऊ देऊ नका. ते सोडून काहीही सोसेन. इतके ठाम पेशंट मी पाहिले नाहीत.’ मग त्यांना काहीतरी आठवलं. ‘आणि हो, तो तुटका कोपरा मेणात भरू नका. फुकट भरून देते म्हटलं तरी नको म्हणाले. राहू द्या, म्हणाले, तो आमच्या घरातला आहे.’

फोन ठेवून त्यानं मॉडेल पुन्हा हातात घेतलं. कवळीची वेळ येऊ देऊ नका. हे वाक्य बाईंना उद्देशून बोललेलं होतं, त्याला नव्हे, पण लागायचं तिथं ते बरोबर लागलं. बाबा दादाकडे राहायचे. टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात उभा जन्म गेलेला माणूस, बोलायला कमी, खायला मात्र दर्दी. शेवटचे सहा दात काढावे लागले तेव्हा यानं सांगून टाकलं की बाबांची कवळी मी करणार, दुसऱ्या कुणाचं काम नाही ते. आणि केलीही अशी की दवाखान्यात सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. दात कोरे पांढरे न ठेवता त्यांना थोडा पिवळसर रंग दिला, समोरचा एक किंचित वळवला, तो डावीकडचा, अंग चोरणारा. मॉडेलवर ती अशी बसायची की मधे कागदाचा कपटा सरकू नये. आठवड्याभरानं दादाचा फोन आला. बाबांना टोचतंय, येऊन जरा बघ. यानं सांगितलं, नवीन आहे, सवय होईल. चार दिवसांनी पुन्हा फोन. बाबा पातळ सोडून काही खात नाहीत, तू एकदा ये. तेव्हा कवळी मॉडेलवर ठेवल्यावर कशी दिसायची ते याच्या नजरेसमोर आलं आणि हा म्हणाला, ‘अरे, केसभर फरक नाही. मॉडेलवर नीट बसत होती. हट्ट करतायत बाबा.’ तिसऱ्या वेळी दादा ओरडला नाही, उलट अगदी हळू बोलला. ‘मॉडेलला जेवायचं नसतं, बारक्या.’ बारक्या हे त्याचं घरातलं नाव. यानं फोन खाली ठेवला. कामं होती, वेळ नव्हता, असं तो मग स्वतःला सांगत राहिला, पण ते काही खरं नाही. कामं नेहमीच असतात. आपलं काम चुकलंय हे डोळ्यांनी बघायला जायचं नव्हतं, एवढंच खरं.

दात काढल्यावर हिरड्या कित्येक महिने बसत राहतात, आज घेतलेलं माप महिन्यानं खोटं ठरतं, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. त्याला ते येत होतं, शिकाऊ पोरांना तो ते स्वतः समजावून सांगायचा. पण वर्षानुवर्षं प्लास्टर हाताळलं की माणसाला प्लास्टरच खरं वाटायला लागतं आणि तोंड चुकीचं. पहिल्या फोननंतर सोळा दिवसांनी बाबा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, कशाचा कशाशी संबंध नाही. तो धावत गेला. घर माणसांनी भरलं होतं. सगळ्यांसमोर दादानं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, ‘घे. मॉडेलवर लाव.’ एवढंच. आत्या होती, मामा होते, दादाच्या डेपोतली माणसं होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून तो जो उठला तो त्या घराची पायरी पुन्हा चढला नाही, आणि दादानंही बोलावलं नाही. पहिलं वर्षभर त्याला दादाचा राग होता. चारचौघांत बोलायची काय गरज होती? पुढे कधीतरी तो राग आपोआप निवला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन घट्ट होऊन बसलं. दोन बस बदलल्या की दादाचं घर. त्या बसच्या वेळासुद्धा दादानंच लावलेल्या.

पुढचे चार दिवस त्यानं चौसष्ट नंबरखेरीज कशाला हात लावला नाही. करवत घातली, एकेक दात सुटा केला, मागच्या बाजूला नंबर टाकले, आणि मेणाच्या ओळीत एकेक उभा केला. दादाचे दात इतक्या सहज सरकताना बघून त्याला कसंसंच झालं. खालचे दात खाली दाबले, पुढचे मागे घेतले, तो अंग चोरणारा दात ओळीत आणून उभा केला. आता या तोंडात बाबा दिसत नव्हते. त्यानं तो दात पुन्हा थोडा वळवला, बघितला, आणि मग स्वतःवरच चिडून परत सरळ केला. दादाला चावायचंय, बाबांसारखं दिसायचं नाहीये. तुटका कोपरा तसाच राहू दिला. तिथं मेणाची सुरी नेहमीच्या सवयीनं दोनदा गेली, दोन्ही वेळा त्यानं ती मागे घेतली. तो आमच्या घरातला आहे म्हणाला, म्हणजे तुकडा अजून जपून ठेवलाय की काय यानं? दहा वर्षांच्या पोरानं खिशात घातलेला तो दाताचा तुकडा पुढे कुठे गेला असेल, याचा विचार करण्यात एक अख्खी सकाळ गेली. विचारलं असतं तर दादानं सांगितलं असतं. विचारायचं सुचायलाच चव्वेचाळीस वर्षं लागली.

मग पट्टी. दुसऱ्या, न कापलेल्या मॉडेलवर त्यानं अॅक्रिलिक चढवलं, एक्स-रे बाजूला लावून मुळांच्या मधल्या जागा आखल्या, फटी कोरल्या. एकेक फट दोन मुळांच्या बरोबर मध्ये हवी. इकडे-तिकडे झाली तर हाडात जायची सुरी मुळाला लागणार. काम झाल्यावर त्यानं पट्टी उचलली आणि मॉडेलवर दाबली. टक्क आवाज करून ती बसली, जराही हलेना. ‘बसतंय,’ तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. आणि तो शब्द कानावर पडताच त्यानं पट्टी परत काढली. त्यानं कागदावरच्या तारखा पाहिल्या. माप तीन तारखेचं. तारा दहाला लावलेल्या. ऑपरेशन सव्वीसला. म्हणजे तारा लागून सोळा दिवस झालेले असतील. दात तोवर थोडे तरी हललेले असणार, केसभर का होईना. प्लास्टर तीन तारखेलाच उभं होतं आणि तोंड पुढे निघून गेलेलं होतं.

त्यानं खालचा खण उघडला. खणाच्या तळाशी, जुन्या करवतींच्या पात्यांखाली, रुमालातलं ते गाठोडं नऊ वर्षं पडून होतं, गाठ न सोडलेलं. शेजारीच बाबांचं मॉडेल होतं. गाठ सोडवायला त्याला चिमटा लागला. आत कवळी होती, स्वच्छ घासलेली. दादानं ती रुमालात बांधण्याआधी धुतली असणार. वरची तशीच होती. खालची त्यानं उलटी केली, आणि आतल्या बाजूला, उजवीकडे कडेपाशी, एक छोटी निळी फुली दिसली. जाड पेन्सिलीनं काढलेली, दोन रेघा, नीट, एकमेकींना मधोमध छेदणाऱ्या, डेपोच्या तक्त्यावर असायच्या तशा. बाबांना नेमकं कुठे टोचतं ते दादानं शोधून ठेवलं होतं. बाबांना तोंड उघडायला लावून, बोट फिरवून, पुनःपुन्हा विचारून, खूण करून ठेवली होती, की बारक्या आला की त्याला शोधत बसायला नको. तेवढी एक जागा घासायच्या मोटरवर धरायची होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. त्यानं कवळी बाबांच्या मॉडेलवर ठेवली. ती अजूनही बरोबर बसली. मग तो खुर्चीवर बसला आणि रडला, आणि वरून बायकोनं काय झालं म्हणून हाक मारली तेव्हा काही नाही म्हणाला, पण ती जिना उतरून आलीच. तिनं ती फुली पाहिली. मग तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पट्टी पेशंटच्या तोंडात बसवून बघायची आहे, आणि ते मी स्वतः करणार. बाई गोंधळल्या. ‘मिस्त्री, तुम्ही कधी पेशंटसमोर येत नाही. आणि तुमची पट्टी आजवर कधी चुकलेली नाही.’

‘मॉडेलवर चुकलेली नाही,’ तो म्हणाला. ‘तोंडात मी कधी बघितलेलीच नाही. आणि इंजेक्शन द्यायच्या आधी बघायचंय. बधिर तोंड काय सांगणार?’

पंचवीस तारखेला छोटी मोटर पिशवीत घालून तो दवाखान्यात गेला. बसमध्ये बसायला जागा होती तरी तो उभाच राहिला. बस वेळेवर होती. पोचल्यावर बाईंनी त्याला टोपी आणि मास्क दिला आणि तो आतल्या खोलीत गेला. दादा खुर्चीवर आडवा होता, वरचा दिवा तोंडावर. केस पार पांढरे झाले होते, मान बारीक झाली होती, वरच्या खिशात पेन्सिल तशीच. गाल मागे खेचून धरणारी प्लास्टिकची कमान तोंडात बसवली होती, त्यामुळे दादा मोठ्यानं हसतोय असं दिसत होतं, आणि त्याला काय वाटतंय ते चेहऱ्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. दातांवर तारा चमकत होत्या. ‘हे आमचे मिस्त्री,’ बाई म्हणाल्या. ‘पट्टी यांनीच केलीये.’ दादाची नजर आधी त्याच्या हातांकडे गेली आणि तिथंच राहिली. त्यानं घरून ठरवून आणलेली वाक्यं होती, चांगली तीन-चार. त्यातलं एकही आठवेना. त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला.

दादा बघत राहिला. बोलता येणं शक्य नव्हतं. कमानीतून श्वासाचा नुसता आवाज येत होता, आणि खुर्चीच्या हातावरची बोटं घट्ट झाली. दादा आता ती कमान काढून टाकेल आणि उठून जाईल, असं त्याला वाटलं. दादा उठला नाही. मिस्त्रीनं पट्टी उचलली, दादाच्या खालच्या दातांवर ठेवली आणि अंगठ्यांनी हलकेच दाबली. टक्क झालं नाही. उजव्या बाजूला ती किंचित उचललेली राहिली, केसभरच. मग त्यानं जे विचारायचं होतं ते विचारलं. नऊ वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं तेच.

‘कुठे टोचतंय?’

दादानं डोळे मिटले. मग हात वर आला, नेहमीच्या सवयीनं खिशाकडे गेला आणि पेन्सिल घेऊन बाहेर आला. ‘अहो काका, थांबा, ती तोंडात घालू नका,’ बाई म्हणाल्या. त्यानं पट्टी काढून, पुसून दादासमोर धरली. दादानं ती निरखली, जिभेनं आतली जागा चाचपून पाहिली आणि पट्टीच्या उजव्या कडेला दोन रेघा ओढल्या. निळ्या. त्यानं मोटर लावली आणि फुली पुसली जाईपर्यंत ती जागा घासली. अर्धं मिनिट लागलं. पट्टी पुन्हा बसवली. टक्क आवाज झाला. सगळ्या फटी मुळांच्या बरोबर मधोमध आल्या. बाईंनी आरसा फिरवून पाहिलं आणि छान म्हणाल्या. आता पुढचे चार महिने दर पंधरा दिवसांनी यायचं हं काका, हे त्या सांगत असतानाच मिस्त्री मध्येच म्हणाला, ‘मीही येईन.’ बाईंना ते काही कळलं नाही.

‘अजून टोचतंय का कुठे?’ त्यानं दादाला विचारलं.

दादानं मान फिरवून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं होतं, ते त्यानं पुसलं नाही. मग त्यानं बोटानं खूण करून पट्टी मागितली, आणि डाव्या बाजूला, अगदी टोकाशी, आणखी एक निळी फुली काढली. त्या जागी अॅक्रिलिक हिरडीला लागतच नव्हतं. मधे अख्खी फट होती, उजेड दिसेल एवढी. तिथं काही टोचत असणं शक्यच नव्हतं. मिस्त्रीनं पट्टी हातात घेतली, खुर्चीजवळ स्टूल ओढून बसला आणि सावकाश घासायला लागला.